बांधकऱ्याचा सत्कार

भावाच्या खांद्यावर शाल पडली तेव्हा बायकांच्या रांगेत सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या त्या फुलाबाईने. झुंबरअण्णाचा बारामतीत सत्कार आहे, पुस्तकाबिस्तकाचा काही कार्यक्रम आहे, एवढंच त्याने फोनवर सांगितलं होतं. "दाजींना घिऊन ये. आन जरा बरी साडी नेस, मोठी माणसं यायची हायेत," असंही बजावलं होतं. म्हणून ती सकाळची कामं उरकून नवऱ्याबरोबर निरवांगीहून आली होती. अण्णा सोसायटीच्या निवडणुकीत दोनदा आपटला होता आणि तिसऱ्यांदा उभं राहायच्या खटपटीत होता. त्यातलंच काहीतरी असेल, कुणाचं तरी पुस्तक निघालं असेल आणि याला पुढं पुढं करायला मिळालं असेल, असा तिचा समज.

मग निवेदन करणाऱ्या पोराने माइक तोंडाजवळ घेतला. "आजवर आपण त्यांना फक्त 'बांधकरी' या टोपणनावानं ओळखत होतो. ज्यांच्या 'फाट्याचं पाणी' या कादंबरीला यंदा पुण्याचा मानाचा पुरस्कार मिळाला, ते बांधकरी दुसरे-तिसरे कुणी नसून आपल्या वडगाव निंबाळकरचे झुंबरराव खोमणे आहेत."

हॉल टाळ्यांनी दणाणला. फुलाबाईचे हात मात्र तसेच, एकमेकांपासून वीतभर लांब थांबले.

'फाट्याचं पाणी' तिने लिहिलं होतं. ढोबळी मिरचीच्या शेडनेटमध्ये, कॅरेट पालथं घालून त्यावर बसून, चार वर्षं लागली होती. हे जगात दोनच माणसांना माहीत होतं. एक तिची लेक निकिता आणि दुसरा शेजारच्या पुरुषांच्या रांगेत बसलेला तिचा नवरा दशरथ. त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि भुवयांनीच विचारलं, उठायचं का? तिने मान हलवली. बसा. बघू तरी कुठवर जातोय.

पातळ मिशी, उजव्या कानात भिकबाळी, अशा थाटात झुंबरराव बोलायला उभा राहिला. आधी कोचावर बसलेल्या तात्यासाहेबांना वाकून नमस्कार केला. तात्यासाहेब म्हणजे तालुक्यातल्या निम्म्या सोसायट्यांचे संचालक ज्यांच्या शब्दावर ठरायचे ते. मग त्याने घसा साफ केला. "लेखक काही घडवून घडत नाही," तो म्हणाला. "माझी आई दगडाबाई जात्यावर बसली की मी तिच्या मांडीवर डोकं ठिवून पडायचो. तिच्या ओव्या कानात मुरल्या. त्यातलीच एक मी कादंबरीच्या पहिल्या पानावर दिली." आणि त्याने सूर लावला.

दळीता कांडीता, रात गेली पहाट झाली
लेकीच्या नावाची गं पाटी कुणी लाविली

पुढच्या रांगेत कुणीतरी डोळे पुसले.

फुलाबाईला आठवत होतं ते वेगळंच. गावात गिरणी होती, तरी डाळ आणि भरडा आई घरीच काढायची. खुंट्याला एक हात आईचा असायचा, दुसरा फुलाचा. आणि पडवीतल्या वाकळेखालून अण्णा ओरडायचा, "आये, बंद कर की ती रडगाणी." रोज. ती ओवी त्याने तेव्हा कधी ऐकलीच नव्हती. कादंबरीच्या पहिल्या पानावर वाचली होती.

शाल घेतलीस, घे. नारळ घेतलास, घे. पण आईची ओवी त्याच्या तोंडून ऐकली, तो राग फुलाबाई घरी येईपर्यंत विझला नाही आणि पुढं तीन वर्षं विझला नाही.

*

बारामतीच्या कॉलेजात ती दुसऱ्या वर्षाला होती तेव्हा वार्षिक अंकात तिची एक कविता आली होती. कालव्याच्या कडेला धुणं धुताना एक मुलगी सायकलवरून जाणाऱ्या मुलाकडे बघते, एवढीच कविता. खाली नाव होतं: कु. फुला जोतीराम खोमणे. अण्णाच्या मित्रांनी ती पारावर मोठ्याने वाचली, सायकलवाला कोण म्हणून पैजा लावल्या. अण्णा घरी आला, अंक मागितला, पान फाडलं आणि चुलीत घातलं. बाप जोतीराम वाईट माणूस नव्हता, पण थोरल्या पोराच्या शब्दापुढं जायची त्याला सवय नव्हती.

"आज कागदावर नाव आलंय, उद्या भितीवर येईल," अण्णा म्हणाला. "आपल्या घरातल्या बाईचं नाव पुन्हा छापून येता कामा न्हाय."

कॉलेज सुटलं. त्याच उन्हाळ्यात निरवांगीच्या रणवऱ्यांकडे तिचं लग्न लागलं. निघताना आईने फुलाच्या ओटीत खोबऱ्याच्या वाटीशेजारी एक शाईचं पेन टाकलं. ते कुणाला दिसलं नाही.

फुलाबाईने भावाचा हुकूम अक्षराला अक्षर लावून पाळला. स्वतःचं नाव तिने पुन्हा कधी छापू दिलं नाही.

निकिता रांगायला लागली त्या सुमारास तिने पहिली रहस्यकथा सोलापूरच्या एका साप्ताहिकाला धाडली. लेखक म्हणून नाव टाकलं प्रताप वाकळे. उत्तराचा पत्ता दिला इंदापूरच्या बाजारातल्या चंद्राबाई कासारणीच्या दुकानाचा. बांगड्यांच्या दुकानात बाई कशाला गेली, असं कुणी विचारत नाही. चंद्राबाईला वाचता येत नव्हतं, पण पाकीट सांभाळता येत होतं. ती बांगड्या भरता भरता कागदात गुंडाळलेलं पाकीट पिशवीत सरकवायची आणि म्हणायची, "तुझ्या वाकळेचं आलंय गं. लगीन झालंय का त्याचं?"

वाकळेचा इन्स्पेक्टर महाराष्ट्रभर चालला. मग सौ. मधुवंती नावाने तिने घरगुती कादंबऱ्या लिहिल्या, त्यांतल्या नायिका रडत कमी आणि भांडत जास्त. एका महिला मासिकाने मधुवंतीबाईंचा फोटो मागितला, तेव्हा तिने कळवलं की आमच्याकडे फोटो काढत नाहीत. ते खरंच होतं.

दशरथला हे लग्नानंतर तिसऱ्या वर्षी कळलं. त्याने वाकळेची एक गोष्ट वाचली, पुन्हा वाचली आणि म्हणाला, "ह्या चोरानं पंप चालू ठिवून घरात शिरायला नको व्हतं. पंप बंद पडला की लगेच गडी उठतो." तिने पुढच्या गोष्टीत तसं केलं. त्यावर त्यांचं एवढंच बोलणं झालं आणि तेवढं पुरलं.

'बांधकरी' शेवटी आला. आई गेली त्या वर्षी. आईच्या ओव्यांतून तिच्या कविता फुटायला लागल्या, आणि त्या काही वाकळेच्या किंवा मधुवंतीच्या नावावर खपणाऱ्या नव्हत्या. बांधकरी म्हणजे बांधाला बांध लागून असलेला शेजारी. त्याला तुमच्या घरातलं सगळं दिसतं, तुम्हाला त्याच्या घरातलं. भांडण होतं ते त्याच्याशी आणि रात्री-अपरात्री हाक मारायची तीही त्यालाच. तिला ते नाव आवडलं. एक कवितासंग्रह झाला, मग कादंबरी. तोवर निकिता पुण्यात नोकरीला लागली होती. प्रकाशकाशी बोलणं, मेल, करार सगळं ती बघायची. खुद्द प्रकाशकालाही बांधकरी बाई आहे की बाप्या, हे ठाऊक नव्हतं.

अण्णालाही नव्हतं. फुला काही लिहिते ही शंकासुद्धा त्याला कधी आली नाही. झालं होतं ते असं. कादंबरीत वडगावच्या खुणा आहेत, लेखक तिथलाच असावा, असं एका साप्ताहिकाने छापलं. लोकांनी झुंबररावाला गमतीने विचारलं, तुमीच का वो? तो नुसता हसला. दुसऱ्या दिवशी तात्यासाहेबांनी गाडी थांबवून त्याच्या पाठीवर हात ठेवला. "अरे झुंबर, एवढं लपवून ठिवलंस व्हय?" तात्यासाहेबांचा हात पाठीवर असताना नाही म्हणणं त्याला जमलं नाही. आणि मग दर दिवसागणिक ते जास्तच अवघड होत गेलं.

*

सत्कारानंतर प्रकाशकाचा मेल आला. कुणी खोमणे नावाचे गृहस्थ बांधकरी म्हणून मिरवत आहेत, आपण खुलासा काढायचा का? निकिता भडकली होती. "आई, आत्ता नाव सांगून टाकू. मामाचं तोंड बघण्यासारखं होईल."

"दोन दिवस बघण्यासारखं व्हईल," फुलाबाई म्हणाली. "तिसऱ्या दिवशी लोक म्हणतील, भावा-भनीचं घरातलं भांडाण. तो म्हणंल, फुलीला मीच शिकवलं. आन ते लोकांना पटंल."

"मग?"

"मग काय. त्याला बांधकरी व्हायचंय ना, व्हऊ दे. बांधकरी जे लिहील ते त्याच्या नावावर लागंल." ती मिरचीची पानं उलटून मागं कीड बघत होती. "म्या लिहिते."

त्या दिवाळीत भाऊबीजेला अण्णा आला. ओवाळून झाल्यावर लाडू खात त्याने तिला कादंबरी म्हणजे काय हे समजावून सांगितलं. "पात्रं डोळ्यांपुढं हलाय लागतात बघ, फुले. झोप येत न्हाय. तुला न्हाय कळायचं ते." तिने विचारलं, "आता पुढचं काय लिहितोयस, आण्णा?" त्याने डोळे बारीक केले. "चाललंय. मोठं काम हाय." दशरथ उठून गोठ्याकडे गेला. तिथं तो बराच वेळ हसत होता, की रागाने थुंकत होता, हे तिला नीट कळलं नाही.

तिच्या शेडनेटमध्ये सरुबाई नावाची एक विधवा कामाला होती. ती मूळची तात्यासाहेबांच्या गावची. सामाईक विहिरीत तिच्या नवऱ्याची दर आठवड्याला दीड दिवस पाण्याची पाळी होती. नवरा गेल्यावर तात्यासाहेबांच्या माणसांनी ती पाळी हळूहळू खाल्ली. आधी अर्धा दिवस, मग दिवस, मग मोटारच उचलून नेली. रान पडीक पडलं आणि बाई लेकीच्या आधाराने निरवांगीला आली. पुढं तात्यासाहेबांनी त्याच गावात आपल्या आईच्या नावाने पाणपोई बांधली आणि तिच्या उद्घाटनाला सरुबाईलाही आमंत्रण धाडलं. मिरची तोडता तोडता ती हे सांगायची, कधी रडत, कधी शिव्या देत.

"सरुबाई, तुझं हे कुणी लिहिलं तर चालंल का?" फुलाबाईने एकदा विचारलं.

"लिहू द्या की. म्या काय चोरी केलीय? फकस्त माझं नाव घालाय सांगा. खोटं नाव नको." तिने हातातली मिरची कॅरेटात टाकली. "आन त्या पाणपोईचं येऊ द्या."

'खोटं नाव नको' या वाक्यावर फुलाबाई रात्रभर तळमळली नाही, पण सकाळी कामाला बसताना तिला जाणवलं की ही बाई आपल्यापेक्षा धीट आहे. सरुबाईचं दुःख आपण आपल्या सुडासाठी वापरतोय, हेही तिला कळत होतं. तिने वापरलं. नाव मात्र खरं घातलं.

नव्या कादंबरीचं नाव तिने ठेवलं 'थोरवी'. अर्पणपत्रिका लिहिली: 'ज्यांच्या सावलीत अख्खं गाव वाढलं, त्या वडीलधाऱ्यांना.' आत कथा होती एका अप्पासाहेबांची. अप्पासाहेब समोरच्याच्या उपरण्याला स्वतःचा चष्मा पुसत, हसत हसत पाणी खात आणि त्याच पाण्याची पाणपोई बांधत. कथा सांगणारा होता त्यांचा एक हुजऱ्या. तो 'मी' म्हणून सगळं कबूल करत जातो. मी अप्पांच्या मागं छत्री घेऊन पळालो. मी विधवेची मोटार उचलायला गेलो. मी बहिणीचं कॉलेज बंद केलं, कारण तिची अक्कल मला सोसवेना. हे शेवटचं वाक्य तिने सात-आठ वेळा खोडून पुन्हा लिहिलं. आधी त्यात राग फार होता. तो काढत काढत ती अशा ठिकाणी आली, जिथं फक्त खरं उरलं. मग तिने ते तसंच ठेवलं.

चष्मा पुसायची ती सवय सगळा तालुका ओळखत होता.

*

पुस्तक बाहेर पडलं ते तात्यासाहेबांच्या पंच्याहत्तरीच्या आठवड्यात. तो योग काही आपोआप जुळून आला नव्हता. निकिताने प्रकाशकाच्या मागं लागून तारीख धरली होती.

बांधकऱ्याची नवी कादंबरी आली, हे झुंबररावाला बारामतीच्या दुकानदाराने फोन करून कळवलं. "झुंबरराव, कळवलं बी न्हाय वो." त्याने काय उत्तर दिलं असेल देव जाणे. त्याने जाऊन वीस प्रती उचलल्या. नाव वाचलं 'थोरवी', अर्पणपत्रिका वाचली, आणि त्याचा जीव भांड्यात पडला असणार. आत काय आहे ते वाचायला त्याच्याकडे एक दिवस आणि एक रात्र होती. पण झुंबरराव आयुष्यात कुठलंच पुस्तक पहिल्या चार पानांपुढं गेला नव्हता, आणि फुलाबाईने पहिली चार पानं फार गोड लिहिली होती.

पंच्याहत्तरीचा कार्यक्रम फेसबुकवर चालू होता. शेडनेटबाहेरच्या पत्र्याखाली, मिरचीची वर्गवारी करता करता, दशरथ आणि दोघी मायलेकींनी तो निकिताच्या फोनवर बघितला. सुट्टी काढून ती मुद्दाम आली होती. झुंबरराव फेटा बांधून स्टेजवर चढला. "तात्यासाहेब, ही कादंबरी म्या तुमच्याच चरणी वाहिलीय," असं माइकवर म्हणाला आणि सहीची प्रत त्यांच्या हातात दिली. खाली जोरात टाळ्या झाल्या. तात्यासाहेबांनी शेजारच्या माणसाचं उपरणं ओढून चष्मा पुसला आणि पहिलं पान उघडलं.

निकिता हसून हसून कॅरेटवर आडवी झाली. फुलाबाई हसली नाही. तिने एक मिरची उचलली, खालचा काळा डाग बघितला आणि बाजूला टाकली.

चार दिवस काहीच झालं नाही. मग तात्यासाहेबांच्या थोरल्या सुनेने, ती शिकलेली होती, पुस्तक शेवटपर्यंत वाचलं आणि दुपारच्या जेवणानंतर सासऱ्याला काही पानं मोठ्याने वाचून दाखवली. त्यानंतर तालुक्यात ते पुस्तक मिळेनासं झालं. आधी तात्यासाहेबांच्या माणसांनी दुकानातल्या प्रती उचलल्या, म्हणून लोकांनी पुण्याहून मागवल्या. निवडणुकीतल्या विरोधी पॅनेलने तर पाणपोईचं पान झेरॉक्स काढून वाटलं. झुंबररावाने साप्ताहिकात खुलासा दिला की प्रकाशकाने मजकुरात परस्पर बदल केले आहेत. पुढच्याच अंकात बांधकऱ्याच्या चार ओळी आल्या, प्रकाशकाच्या पत्रासकट.

माझ्या शब्दाला माझीच शाई,
काना-मात्रा बदलला नाही;
पाहिलं तेच लिहिलं आहे,
झाकायला मी सोयरा नाही.

खाली लिहिलं होतं: बांधकरी, मुक्काम तुमच्याच बांधाला.

*

झुंबरराव निरवांगीला आला तो भर दुपारी, एकटा. ओट्यावर बसला, तांब्याभर पाणी प्यायला. फुलाबाईने चहा टाकला. दशरथ खांबाला टेकून बसला होता.

"तात्यांनी बोलावलं व्हतं," झुंबरराव म्हणाला. "वीस माणसं बसलेली. मला म्हणले, झुंबरराव, लिहिता झ्याक. म्या म्हणलं, तात्यासाहेब, आईची आन, म्या ह्यातला एक शबुद लिहिलेला न्हाय. तर म्हणले, मग शाल कुणी घेतली?" त्याने तोंडावरून हात फिरवला. "माणसं हसली, फुले. तात्यांनी पॅनेलातनं नाव काढलं. गावात कुणी चहाला बसू देत न्हाय. तात्यांच्या बाजूचे थुंकत्यात आन दुसऱ्या बाजूचे शाब्बास म्हणत्यात, ते तर लईच वाईट."

"मग लिहिलं कुणी?" फुलाबाईने कपात चहा ओतत विचारलं.

"असंल कुणी पुण्याचा भामटा. आपल्या घरातलं त्याला कसं कळलं, तेवढं उमजत न्हाय. तुझ्या कॉलेजचं बी लिहिलंय त्यात."

"म्या लिहिलं."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग हसला, कंटाळलेल्या माणसासारखा. "चेष्टा करू नगंस. माझा जीव चाललाय हितं."

"फाट्याचं पाणी म्या लिहिलं. थोरवी म्या लिहिली. त्या आधी दोन नावांनी तीसएक पुस्तकं लिहिली."

"तू?" तो म्हणाला. "तुला काय येतंय?"

एवढं होऊनसुद्धा हेच. फुलाबाईला वाटलं होतं, सांगितल्यावर त्याचा चेहरा पडेल आणि तो पडलेला चेहरा बघायला आपण इतकी वर्षं थांबलो. पण त्याला ते खरंच वाटत नव्हतं. तिने भरलेला कप बशीत ठेवला.

तेव्हा दशरथ बोलला. सासरवाडीच्या माणसांपुढं तो सहसा बोलत नसे. "पाव्हणं, म्या तीस वर्षं बघतोय. खरं हाय."

झुंबररावाने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्याला आता ती ओवी आठवत असावी, ते कॉलेज, ती भाऊबीज. मग एकदम मऊ आवाजात म्हणाला, "मग चल माझ्यासंगं. तात्यांपुढं यिऊन सांग, म्या लिहिलंय म्हणून. बाईमाणसाला ते काय करणार न्हाईत. तेवढा भाऊ म्हणून..."

"घरातल्या बाईचं नाव छापून येता कामा न्हाय, आण्णा. तुझाच कायदा हाय. म्या तो एकदाबी मोडला न्हाय."

"म्या तवा पोरगाच व्हतो गं."

"चोवीस वर्सांचा व्हतास. म्या एकोणीसची. पोरगी म्या व्हते." तिने बशी त्याच्यापुढं सरकवली. "आन बारामतीच्या हॉलात आईची ओवी म्हणलास, तवा तर पोरगा नव्हतास ना? आई जात्यावर बसली की काय म्हणायचास तू? सांग की दाजींना."

तो चहा न पिता उठला. गाडीला किक मारताना त्याचा पाय दोनदा घसरला. दशरथने नुसतं, "सावकाश जावा," म्हटलं.

तो तिथून थेट तात्यासाहेबांकडे गेला आणि खरं सांगितलं, माझ्या बहिणीने लिहिलंय. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच त्याने बहिणीचं नाव चारचौघांत अभिमानाने घेण्यासारख्या कामाला जोडलं होतं. तात्यासाहेब म्हणाले, "आधी प्रकाशकाच्या माथी मारलंस. आता मिरची तोडणाऱ्या भनीच्या पदराआड लपतोस? लाज वाटू दे." पुन्हा सगळे हसले. फुलाबाईकडे चौकशीलासुद्धा कुणी आलं नाही. कुणाला गरजच वाटली नाही. ही गोष्ट तिला नंतर कळली तेव्हा तिला बरंही वाटलं आणि झोंबलीही.

गावाने झुंबररावाला नवं नाव दिलं. दुसऱ्याचा बांध रात्रीतून फावड्याने कोरून आपलं रान वाढवणारा माणूस प्रत्येक गावात एखादा असतोच. बांधकरी व्हायला गेला आणि बांधकोऱ्या झाला. शाळेतली पोरंसुद्धा तेच म्हणायची. त्याच्या घरी कार्यक्रम असला की वाढपी विचारायचे, बांधकोऱ्याकडं का? पुढं त्याने वडगावात राहणंच कमी केलं आणि भवानीनगरला मुलाकडे जाऊन राहिला. तिथंही ते नाव त्याच्या आधी पोचलं होतं.

निवडणुकीच्या तोंडावर तात्यासाहेबांच्या माणसांनी सरुबाईची मोटार परत बसवून दिली, फोटो काढला, पेपरात दिला. दीड दिवसाची पाळी एक दिवसाची झाली, पण झाली. सरुबाई आपल्या गावी परत गेली. जाताना फुलाबाईला म्हणाली, "कुणा मेल्यानं लिहिलं ते ठावं न्हाय, पर नाव बराबर घातलं बघा माझं. लेकीनं वाचून दावलं."

भावाने भाऊबीजेला येणं सोडलं. पहिल्या वर्षी फुलाबाईने ताट तयार केलं होतं, सवयीने. मग तेच ताट घेऊन दशरथच्या चुलतभावाला ओवाळलं.

"झालं का समाधान?" निकिताने त्या दिवाळीत विचारलं.

फुलाबाईने खोटं सांगितलं नाही. "निम्मं झालं."

"आणि उरलेलं?"

"ते त्याच्या हातात व्हतं. खरं वाटून त्याला लाज वाटायला पायजे व्हती. त्याला भीती वाटली." तिने पणतीत तेल घातलं. "पर म्या काय पस्तावले न्हाय. उद्या पुन्हा तसंच झालं तर पुन्हा तसंच लिहीन. आन चष्म्याचं आजून जास्त लिहीन."

'थोरवी'नंतर तिने बांधकऱ्याचं नाव वापरणं थांबवलं. त्या नावाला आता अण्णाच्या अंगाचा वास लागला होता. प्रकाशक कळवळला, त्याला पत्र गेलं की बांधकऱ्याने रान विकलं. कवितांसाठी तिने दुसरं नाव शोधलंय. ते काय आहे हे निकितालाही तिने अजून सांगितलेलं नाही, मेलसुद्धा आता ती स्वतःच करते. मधुवंतीबाईंच्या नायिका भांडताहेत. प्रताप वाकळेचा इन्स्पेक्टर निवृत्तीला आलाय, पण वाचक त्याला सोडत नाहीत.

यंदाच्या एका दिवाळी अंकातली वाकळेची कथा दशरथने परवा ओट्यावर बसून वाचली. पहिल्याच पानावर उसाच्या फडात एक प्रेत सापडतं. पन्नाशीचा माणूस, पातळ मिशी, उजव्या कानात भिकबाळी.

"ह्यो भिकबाळीवाला गेल्या साली विहिरीत मेला व्हता ना?" त्याने विचारलं. "आन त्याच्या आदल्या साली गुऱ्हाळात?"

"ते येगळे," फुलाबाई म्हणाली.

"आजून किती मारायचेत?"

ती डोक्याला फडकं गुंडाळत होती. टेंपो यायची वेळ झाली होती आणि अर्धी मिरची भरायची राहिली होती. "बघू," ती म्हणाली. "पुढच्या दिवाळीला त्याला लिफ्टमधी घालते. निकिताच्या बिल्डिंगीतली बघून आलेय म्या."